माशीवरचे गोचीड

आमच्या परसातल्या माशीला गोचीड लागले, तेव्हा नातीचं बारसं दोन आठवड्यांवर आलं होतं.

जळगावच्या आमच्या घरामागे मी केळीच्या साली आणि पालापाचोळ्याचा खताचा ढीग केला आहे. त्यावर बसलेली एक माशी मी भिंगातून पाहिली. तिच्या पोटाला पाच-सहा तांबूस किडे घट्ट चिकटलेले! (मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. कृपया हे कुणाला सांगू नका.)

"शैला, माशीला गोचीड झालेत!" मी ओरडलो.

"मग तिला दवाखान्यात न्या," बायको बट्ट्यांचं पीठ दळायला काढत म्हणाली. "पण बारशाच्या दिवशी मला इथे एकही माशी दिसता कामा नये."

मी थेट जनावरांच्या औषधांचं दुकान गाठलं.

"गोचिडांची पावडर द्या."

"जनावर कोणतं?"

"माशी."

"म्हशी? किती आहेत?"

"म्हशी नाही हो, माशी!"

दुकानदार पुडा ठेवून दोन पावलं मागे सरकला.

मी पावडर अख्ख्या ढिगावर उधळली. दोन दिवसांत भिंगाखाली एकही किडा दिसेना. मी शेजारीपाजारी जाऊन माझ्या यशाचं सविस्तर वर्णन केलं.

बारशाला पंगत बसली. वरण, बट्टी, वांग्याची भाजी... आणि माश्या! इतक्या, की पाहुणे एका हाताने जेवत होते आणि दुसऱ्याने नाचत होते. पाळण्यावर तर दोन आत्या उपरण्याने वारा घालत उभ्या. बाळाचं नाव कानात सांगितलं, ते माश्यांच्या आवाजात बाळालाही ऐकू गेलं नसावं.

शैलाचे थोरले भाऊ नाना पारोळ्याहून आले होते. शेतकरी माणूस. जेवण झाल्यावर ते ढिगापाशी गेले, आणि मी त्यांना गोचीड मारल्याचा पराक्रम सांगितला. नानांनी कपाळावर हात मारला.

"दाजी, त्या गोचीड नही, कोळी शेतस! जाळावाला नही, उकिरडामाना बारीक किडा. माशीवर बसीसन एक उकिरडावरथून दुसरावर जातस. माशीले काहीच करतस नही. उकिरडामा उतरनात का माशीना अंडा खातस!"

"म्हणजे मी..."

"तुम्ही राखणदारच बठ्ठा मारी टाकात!"

 शैलाने सगळ्या पाहुण्यांना एकेक करून ही हकिकत सांगितली.

पुढच्या आठवड्यात मी पारोळ्याला गेलो. नानांच्या उकिरड्यातलं कोळी असलेलं खत गोणीत भरलं आणि एसटीत बसलो.

कंडक्टरने गोणीकडे संशयाने पाहिलं. "काका, यात जिवंत काही नाही ना?"

"छे!" मी म्हणालो आणि एकच तिकीट काढलं.

कोळ्यांना फुकट वाहून नेताना माशी निदान भुणभुणते तरी. मी जळगाव येईपर्यंत तोंड उघडलं नाही!