दुसरा अर्ज

"लागला नाय," असं ती कुणी विचारायच्या आधीच म्हणायची. बोटात शिंगाळा माशाचा काटा घुसला तरी, आणि ओठ फाटून सुजला तरी. मग पदरानं रक्त पुसून मोरलीवर, म्हणजे तिच्या विळीवर, बसायची आणि सुरमईचं डोकं एका दाबात उडवायची.

मुलांनो, तुम्ही तिला आपल्या दारात पाहिलंय. दातिवऱ्याहून पालघरला येणारी आपली मासेवाली. साऱ्या गावाला अरे-तुरे करायची. मी घासाघीस केली की म्हणायची, "बाय, एवडी इंग्लिश शिकलीस, न् पापलेट ताजा का शिला ते कलत नाय तुला?"

ओठ तिच्या धाकट्या मुलानं फाडला होता. मला ते ठाऊक होतं. मी विचारत नसे. तिशीच्या त्या मुलाला आवाज ऐकू यायचे. शेजाऱ्यानं विहिरीत विष कालवलंय, असं त्या आवाजांनी सांगितलं आणि त्यानं कोयत्यानं त्या माणसाचा खांदा हाडापर्यंत फाडला. त्याची रवानगी तुरुंगात झाली. तिथं तो गोळ्या थुंकायचा.

ती एक छापील अर्ज घेऊन माझ्याकडे आली. मी कायदा वाचून तिला समजावला. आजारी कैद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध इस्पितळात ठेवायचं, तर डॉक्टरांना सबळ कारण लागतं आणि त्याच्या वतीनं घरच्या माणसाची संमती. अर्जात प्रश्न होता: यापूर्वी त्यानं घरात कुणाला इजा केली आहे का?

"नाय लिव," ती म्हणाली.

मी तिच्या ओठावरच्या व्रणाकडे पाहिलं. "नक्की?"

"मंग काय, पोटच्या पोराला मारकुटा लिवून देऊ? उद्या सुटला तर पोरगी कोन देल त्याला?"

दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, ही माझी शिस्त. मी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं.

डॉक्टरांसमोर तो शहाण्यासारखा बोलला. अर्जात 'नाही' होतंच. त्याला बराकीत परत पाठवलं. नवव्या दिवशी त्यानं शेजारच्या कैद्याचा कान चावून तोडला, सोडवायला आलेल्या शिपायाचे दात पाडले आणि मग स्वतःचं कपाळ गजांवर आपटत राहिला, हाड दिसेपर्यंत.

दुसऱ्या सकाळी ती टोपलीशिवाय आली. "दुसरा कागद काड."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. वल्ह्यानं मोडलेली बरगडी. पायावर ओतलेलं उकळतं कालवण. गळा आवळून मारलेला घरचा कुत्रा. एकदा तर तिचीच मान त्यानं मोरलीवर दाबली होती. तिनं पदर सारून बोटभर लांब व्रण दाखवला. माझं पेन थांबलं.

"थांबलीस कशाला? लिव. तो नको बोलेल, शिव्या देल. तरी चार जनांनी धरा न् सुई मारा. त्याची आय सांगते म्हनून लिव."

तिनं अंगठा असा दाबला, की शाई कागदाच्या मागे उमटली.

आदेश निघाला. त्याला हातपाय बांधून तुरुंगातल्याच इस्पितळात नेलं आणि इंजेक्शनं सुरू झाली. अर्ज कुणी दिला, हे त्याला तिथंच कळलं. तेव्हापासून तो तिला भेटत नाही.

आता ती पालघरला येत नाही; मासे तिची थोरली सून आणते. भेटीच्या दिवशी मात्र ती तुरुंगाच्या दारात असते. एकदा मीही तिच्याबरोबर गेले होते. शिपाई आतून एकटाच परत आला.

"मावशी, नाही म्हणतो."

"जेवतो?"

"जेवतो."

"झोपतो?"

"रात्रभर."

"मला शिव्या दिल्या?"

"नाही. आता कुणालाच देत नाही."

"बरा," ती म्हणाली आणि तिथंच उन्हात भिंतीला टेकून बसली. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत उठली नाही.