वाचनाचा फोटो

सानिया वाचता वाचता थांबली, कारण मी मोबाइल वर केला होता. तिने पुस्तक छातीशी उभं धरलं, मान ताठ केली आणि हसली. बाकीच्यांनीही तेच केलं. फोटो उत्तम आला.

आमची जिल्हा परिषदेची शाळा भातकुली तालुक्यात. चौथीपर्यंत वर्ग, शिक्षक दोन. त्यातले एक बहुधा ट्रेनिंगला. तेव्हा वाचनाचं अभियान सुरू होतं. मुलांनी रोज अर्धा तास वाचायचं आणि त्याचा फोटो दुपारच्या आत लिंकवर टाकायचा. फोटोत सगळ्यांचे चेहरे दिसायला हवेत. वाचणाऱ्याचा चेहरा पुस्तकात असतो, हे लिंक बनवणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. त्यात शाळेत नेटवर्क नाही, ते मिळतं गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी. मी तिथून परत येईपर्यंत वाचनाचा तास संपलेला असायचा.

सानिया चौथीत होती. अक्षरं यायची, वाक्य जुळत नव्हतं. तिची आई नांदगाव पेठेतल्या कारखान्यात शिलाईला जाते. एका शनिवारी ती मला गाठून म्हणाली, "सर, पाचवीले ते मोठ्या शाळेत जाईन. तिथं तिच्यासाठी कोन थांबन? काय करायचं ते तुमीच करा."

म्हणून मी सानियाला रोज जवळ बसवत होतो. त्या फोटोच्या दिवशी ती पहिल्यांदाच न अडखळता वाचू लागली आणि सवयीने माझा हात खिशात गेला. फोटोनंतर मी म्हणालो, "हं, वाच पुढे."

ती म्हणाली, "झालं ना सर. फोटो निघाला."

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत मोबाइल कपाटात ठेवू लागलो. काही दिवसांनी संध्याकाळी घरी केंद्रप्रमुखांचा फोन आला. केंद्रप्रमुख म्हणजे आजूबाजूच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब. माणूस भला.

"सर, फोटो कावून येऊन नाही राहिले?"

"पोरं वाचून राहिली, साहेब."

"मंग काढा ना फोटो."

"फोटो काढला की थांबतात."

"थांबू द्या. फोटोत थोडंच दिसते, थांबले का वाचून राहिले ते."

वरच्यांच्या स्क्रीनवर आमची शाळा लाल दिसते, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. पुढे कारणे दाखवा नोटीस आली. मी कारणं दाखवली. ती कोणी पाहिली नाहीत.

सुट्ट्या लागायच्या आधी सानियाने आईसमोर एक धडा वाचला. हळू, बोट ठेवून, पण शेवटपर्यंत. आईने दुसरा धडा उघडून दिला.

ती वाचायला शिकली त्या काळात आमच्या शाळेत वाचन झालंच नाही, अशी सरकारदरबारी नोंद आहे. मी ती दुरुस्त करून घेणार होतो. त्यासाठी वेगळा फॉर्म आहे.