कॉम्प्रेसरवाले आबा

आबांच्या लेखी जगात दोनच प्रकार होते: दाब धरणारं आणि फुसकं. दुसऱ्यात मॅनेजर, युनियनचा पुढारी, त्यांचे दोन्ही जावई आणि मी, सगळेच मोडायचो. कुरकुंभच्या आमच्या औषध कंपनीत ते कॉम्प्रेसर आणि नायट्रोजनचा प्लांट सांभाळत.

पाळी सुटली की पोरं हवेच्या पाइपनं अंगावरची पावडर उडवायची. आबा पाइप हिसकावत. "हवा कातड्यातनं आत शिरली म्हंजी बेडकावानी फुगशील! तसंबी आत दुसरं काय हाय तुझ्या?"

नायट्रोजनला ना रंग, ना वास. आग लागू नये म्हणून तो रिअॅक्टरच्या टाकीत भरतात, पण आत गेलेल्या माणसाला मग श्वासापुरतीही हवा उरत नाही. माझा धाकटा भाऊ सतीश ठेकेदाराकडे होता. धुतलेल्या टाकीत उतरताना कमरेला दोर बांधायची त्याला लाज वाटत होती. "बांध रं, मढं वडायला तरी कामी येईल," म्हणत आबांनीच तो बांधला. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह कुणीतरी अर्धवट उघडा ठेवला होता. सतीश तळाशी पोचला आणि कोसळला.

मी उडी मारायला धावलो. आबांनी कानफटात मारून मला आडवं पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि बाकीच्यांवर ओरडले, "बघताय काय? दोर वडा!" सतीश निळा पडून वर आला. आबांनी त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, पुन्हा पुन्हा. तो खोकला, तेव्हा ओठ पुसत म्हणाले, "तंबाखू खातंय गधडं."

कंपनीनं चौकशी केली, चूक सतीशची ठरवली आणि आबांना शाल दिली. त्या शालीनं ते कॉम्प्रेसर पुसत.

निवृत्तीच्या दिवशी सतीश पाया पडायला आला. आबांनी पाय मागे घेतले. मग माझ्याकडे बघत, कधी नव्हे ते हळू बोलले. "आदीच्या कंपनीत माझा थोरला भाऊ असाच टाकीत ऱ्हायला. म्या उडी मारत हुतो, तर एका फिटरनं धरून ठिवलं. नंतर त्यो घरी आला, तवा म्या त्याला पानीबी इचारलं न्हाई."

"कुठं असतात ते?" मी विचारलं.

"शिरूरला."

रविवारी मी आबांना मोटरसायकलवर बसवून शिरूरला नेलं. म्हातारा फिटर दारात आला आणि त्यांना ओळखून तसाच उभा राहिला.

"अजून जित्ता हायेस व्हय रं?" आबा म्हणाले, आणि उंबऱ्यावर बसून त्यांनी प्यायला पाणी मागितलं.