माशांना बिल्ले मारणारे दाजी

चैत्रातला शेवटचा रविवार, सकाळचे दहा. ठिकाण: आमच्या गावच्या मच्छीमार संस्थेची खोली. हजर: अध्यक्ष तुकारामभाऊ, तांड्यावरचे संचालक फुलसिंगभाऊ, इतर पाच संचालक (पैकी दोघे डुलक्या घेत), सचिव या नात्याने मी, आणि कोणी बोलावलेलं नसताना माझे दाजी, काखेत बावीस पानांचा कायदा घेऊन. गैरहजर: कोणी नाही. दाजी येणार ही बातमी आदल्या दिवशीच शेजारच्या साखरा गावापर्यंत पोचली होती, आणि फुकटची करमणूक आमच्याकडे कोणी चुकवत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जगात खूण न केलेली एकही वस्तू उरू नये यासाठी देवानं मुद्दाम पाठवलेला असा दुसरा माणूस हिंगोली जिल्ह्यात झालेला नाही, आणि झाला असेलच तर त्याच्या कानात दाजींनी मारलेला बिल्ला असणार. जनावरांच्या दवाखान्यात ते पट्टीबंधक होते. गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला मारायची मोहीम आली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, पण आधीची सगळी नोकरी त्यांना त्या दोन वर्षांची तयारी वाटते. एकेका म्हशीपुढे ते असे उभे राहत जणू तिचं बारसं आहे. निवृत्त झाले, बिल्ले मारायचा चिमटा दवाखान्यात जमा केला, आणि मग हात रिकामा राहीना. घरातल्या छत्रीला क्रमांक पडला, खाटेला पडला, अंगणातल्या चार शेवग्यांना पडले. लग्नाला जाताना ते चपलेच्या टाचेत विळ्यानं खाच पाडून जातात. कनेरगाव नाक्याजवळच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामाच्या पायात ती खाच त्यांना दिसली, आणि भर पंगतीत दाजींनी त्या गृहस्थांचा पाय उचलून वऱ्हाडाला टाच दाखवली. चप्पल दाजींचीच होती. पंगत मात्र अर्धी उठली. अक्का, म्हणजे माझी बहीण, एकदा वैतागून म्हणाली, "मलाबी मारून टाका एक बिल्ला, म्हंजी सुटलात." दाजी शांतपणे म्हणाले, "तुला काहून? तू कुठं हरवून राहिलीस?" अक्का हे वाक्य आजही सांगते. तक्रार म्हणून सांगते, पण सांगताना पदर नीट करते.

असा माणूस माशांपर्यंत पोचणं फक्त वेळेचा प्रश्न होता. आमची संस्था दर पावसाळ्यात सरकारी केंद्रातून मत्स्यबीज आणून गावतळ्यात सोडते. रोहू, कटला, मृगळ. बोटाएवढी पिल्लं, म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. भादव्यात तळं भरतं, सांडव्यावरून पाणी खाली जातं, आणि उन्हाळ्यात जाळं ओढावं तर सोडलेल्याच्या मानानं मासे नावालाच. यावर प्रत्येकाचं मत तयार असतं. तुकारामभाऊंच्या मते बगळे. फुलसिंगभाऊंच्या मते बीज केंद्रवालेच मरतुकडं देतात. दाजींचं म्हणणं एकच: मासे सांडव्यावरून उतरून खालच्या गावच्या तळ्यात जातात, आणि ते लोक आपलं बीज खाऊन आपल्यालाच हसतात. पण सिद्ध कसं करणार? रोहूच्या तोंडावर गावाचं नाव कुठं लिहिलेलं असतं?

त्यातच केंद्रातल्या कुण्या साहेबानं चहा पिता पिता त्यांना सांगितलं की परदेशात केंद्रात वाढवलेल्या माशाचा एक पर, म्हणजे पोहायचा पंख, कापूनच त्याला नदीत सोडतात. जाळ्यात आला की कळतं, हा पाळलेला की रानचा. आणि त्याला तिकडे कायद्याचा आधार आहे. साहेब चहा संपवून गेले. दाजी त्या गोष्टीवरून उठलेच नाहीत. मी म्हटलं, "दाजी, खुणा करायच्या तर करा, त्याला कायदा कशाला हवा?" ते म्हणाले, "बाई, आपण एकल्यानं खूण केली तर खालचे म्हणतील, बिल्ला तुमचा आसंल, मासा आमचा. कायदा आसला की मासा बोलतो."

मग त्यांनी कायदा लिहायला घेतला. आपल्याकडे कायदे लिहिणाऱ्यांनी तळं पाहिलेलं नसतं. दाजींनी तळं पाहिलेलं होतं आणि कायदा पाहिलेला नव्हता, त्यामुळे मसुदा तोडीस तोड उतरला. कलम एक: केंद्रात जन्मलेल्या प्रत्येक माशास खूण असावी. कलम दोन: मासा याचा अर्थ जिवंत मासा; मेलेल्या माशास हे कलम लागू, परंतु शिजलेल्यास नाही. कलम नऊ: खूण काढून टाकणाऱ्यावर कारवाई व्हावी, माशाने स्वतःच दगडाला घासून खूण काढल्यास त्यास केवळ समज द्यावी. समज कोणी द्यावी हे मी विचारलं, तेव्हा कलम नऊला पोटकलम जोडलं गेलं आणि ते काम सचिवाकडे आलं. एक प्रत आमदारांना गेली. त्यांच्या माणसानं फोनवर सांगितलं, "काका, आधी माणसांचे आधार कार्ड बराबर होऊ द्या, मग माशांचं बघू." यात दाजींना चेष्टा दिसलीच नाही. "न्हाई म्हनले न्हाईत," ते मला म्हणाले. "नंबर लावलाय आपला."

कायदा येईपर्यंत त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. घरात उरलेला एक निकामी पिवळा बिल्ला कात्रीनं भोपळ्याच्या बीएवढ्या तुकड्यांत कापला, आणखी बिल्ले कुठून तरी मिळवले (कुठून ते मी विचारलं नाही, मला संस्थेचं दप्तर सांभाळायचं असतं), आणि तापवलेल्या सुईनं एकेका तुकड्यावर आकडा कोरला. गेल्या श्रावणात वीतभर वाढलेले शंभर मासे निवडून त्यांच्या पाठीवरच्या पराच्या मुळाशी नायलॉनच्या धाग्यानं ते तुकडे ओवले. मी वहीत लिहीत होते. मासा ओल्या फडक्यात धरायचा, मी दहा आकडे मोजेपर्यंत टाका घालायचा आणि पाण्यात सोडायचा. एरवी चहाचा कप धरताना थरथरणारा हात त्या दिवशी शंभर टाक्यांत एकदाही चुकला नाही. वहीत क्रमांक, जात, लांबी, आणि शेवटी दाजींच्या हट्टानं एक रकाना: स्वभाव. "सतरा, रोहू, रागीट," असं त्यांनी मला लिहायला लावलं, कारण सतरा नंबरनं त्यांच्या अंगठ्यावर शेपटी हाणली होती. खरं सांगायचं तर माझ्या कुठल्याही वहीपेक्षा ती वही नेटकी होती, आणि याचा मला थोडा रागही आला होता.

फाल्गुनात जाळी ओढली. बिल्ल्याचा एकही मासा आला नाही. "दाजी, तुमचे मासे जामिनावर सुटले की वो!" फुलसिंगभाऊ म्हणाले, आणि ते वाक्य महिनाभर गावात फिरलं. दाजी म्हणत, "न्हाई सापडले हाच पुरावा. खाली गेले." खालच्या गावचे लोक त्यांना जाळ्याजवळ उभं करेनात, म्हणून ते कळमनुरीच्या बाजारात जाऊन मासळीच्या पाट्यांसमोर बसू लागले. प्रत्येक रोहूची पाठ चाचपायची. एक बाई कोयती आपटून म्हणाली, "आजोबा, घ्याचा आसंल तर घ्या. काहून कुंडली पाहून राहिले? सोयरीक करायची हाय का?"

तर अशा माणसाचा प्रस्ताव त्या रविवारी आमच्यापुढे आला. मागण्या तीन: सांडव्याला जाळी बसवा, दरवर्षी बीजाला खूण करा, आणि संस्थेचं पत्र जोडून मसुदा वर पाठवा. पाच मिनिटं हसण्यात गेली. तुकारामभाऊ म्हणाले, "दाजी, एक मासा दाखवा. एक. मग जाळीबी लावू आन् कायदाबी करू." दाजींकडे मासा नव्हता. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला अकरा वाजता दुसरं काम होतं. मी लिहिलं, "प्रस्ताव अव्यवहार्य असल्याने नामंजूर." शब्द माझाच होता, बाकीच्यांना तो सुचलाही नसता. दाजी वाकून वही वाचत होते. म्हणाले, "लिव्हा, सचिवबाई. पन पेन्सिलीनं लिव्हा." सगळे पुन्हा हसले. मी पेननं लिहिलं होतं.

त्यानंतर दाजी संस्थेकडे फिरकले नाहीत. गुडघे धरले, आणि वैशाखात मुलानं दोघांना नांदेडला नेलं. अक्काचा फोन येतो. गेल्या वेळी म्हणाली, "छत्री हरवली ह्यांची, नंबरवाली. मी म्हनलं शोधू का? तर म्हनले, जाऊ दे." मग पुन्हा म्हणाली, "जाऊ दे म्हनले गं."

मागच्या आठवड्यात मी कळमनुरीच्या बाजारातून, दाजींना बोललेल्या त्याच बाईकडून, किलोभराचा रोहू आणला. घरी खवले काढताना पाठीवरच्या पराच्या मुळाशी सुरी अडकली. काटा असेल म्हणून ओढलं. धागा होता, भोवती मांस धरलेलं, आणि टोकाला शेवाळलेला पिवळा तुकडा. नखानं घासला, तर सतरा. हात धुतले, तशीच बाजारात परत गेले आणि त्या कोयतीवाल्या बाईला विचारलं, मासा कुठला? ती म्हणाली, "खालच्या तळ्यातला, बाई. आमच्या गावचा. ताजा हाय, काहून?" मी म्हटलं, काही नाही.

तो तुकडा माझ्या टाचण्यांच्या डबीत आहे. हात लागला की खडखडतो. तळं निम्मं भरलं आहे. भादव्याच्या आत जाळी बसली नाही तर यंदाचं बीजही खालच्या गावाला. सभेची नोटीस मी काढली आहे. जाळीचं माप घेतलं आहे. बावीस पानांच्या मसुद्याच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या आहेत. फुलसिंगभाऊंना तुकडा दाखवला, तेव्हा त्यांनी तो तळहातावर उलटासुलटा केला आणि जाळीला खर्च किती येईल ते विचारलं. आजच्या यादीतल्या या चारही कामांवर रेघ मारून झाली. पाचवं काम परवाच्या यादीतून कालच्या यादीत आणि कालच्यातून आजच्यात आलं आहे, पाच मिनिटांचंही नाही, आणि ते मी पेन्सिलीनं लिहिलं आहे: दाजींना फोन करणे.