गुढीची नळी आणि कोरं रीळ

आम्ही आवडी सोडली त्या सकाळी ट्रक खाली उभा होता, कपाट जिन्यात अडकलं होतं आणि बाबा हमालांवर ओरडायचं सोडून फोटो काढत होते. चेन्नईबाहेरच्या आवडी गावातल्या कारखान्याच्या वसाहतीत माझं सगळं बालपण गेलं. बाबा निवृत्त झाले आणि नाशिकला जायचं ठरलं. एवढ्या गडबडीतही आईने साडी बदलली, बाल्कनीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, घ्या आता." रीळ छत्तीस फोटोंचं. छत्तीस उलटून गेले तरी संपेना, तेव्हा बाबांना कोण आनंद! "जादा मिळतायत!" म्हणत त्यांनी जिना, पाण्याची टाकी, शेजाऱ्यांचं कुत्रं, सगळं टिपलं.

नाशिकला रीळ धुवायला दिलं आणि ते कोरं परत आलं. भरताना फिल्मचं टोक आतल्या चाकीत अडकलंच नव्हतं. आकडा पुढे सरकत होता आणि फिल्म जागच्या जागी. ज्यांनी असे कॅमेरे वापरलेत ते आता हसत असतील. रीळ संपत नाही, तेव्हा ते बहुधा सुरूच झालेलं नसतं. आईने मात्र बाबांना हे जन्मभर ऐकवलं. कुठलाही अल्बम उघडला की म्हणायची, "मी सगळ्यात छान त्याच फोटोत दिसत होते, बरं का." बाबा मुकाट्याने चष्मा पुसायचे.

गेल्या वर्षी आई गेली. मी नोकरीसाठी केव्हाच चेन्नईला परतलेय, मैलापूरला राहते. वसाहतीतले जुने ब्लॉक पाडणार आहेत हे मीच बाबांना फोनवर सांगितलं. आठवड्याभरात त्यांचा कॅमेरा कुरिअरने माझ्या दारात. मग फोन. "बाल्कनी घेऊन ये. आणि रीळ भरलंस की डावीकडची गुंडी बघ. फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढताना ती फिरली पाहिजे." आईचं नावही त्यांनी काढलं नाही, पण ते काय मागत होते ते मला कळत होतं आणि ते मी आणू शकत नव्हते.

वसाहतीतून नागपूर, अंबरनाथ, टोरांटोला पांगलेल्या तुम्हा मंडळींपैकी काहींनी आपल्या ग्रुपवर लिहिलंत, की फोनवर दोन मिनिटांचं काम, एवढी महाग फिल्म कशाला? तुमचं बरोबर आहे. पण ते काम या कॅमेऱ्याकडून राहिलं होतं, आणि ते त्यानेच पुरं करायचं हा माझा हट्ट होता. हट्टात मी बाबांवरच गेलेय.

रविवारी सकाळी मी आवडीला उतरले. गेटवरचं चिंचेचं झाड टिपलं, मग पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, छोटं देऊळ, जिथे परीक्षेच्या दिवशी आपण सगळेच आस्तिक व्हायचो. एकच रीळ असलं की माणूस आपोआप सावकाश चालतो. प्रत्येक खटक्याला मी गुंडीकडे बघत होते. फिरत होती.

पण ब्लॉकपाशी पोचले आणि घर सापडेना! सगळ्या इमारती एकाच पिवळ्या रंगाच्या, आकडे पुसलेले, काही रिकाम्याही. माझी भिस्त होती गुढीच्या नळीवर. बाबांनी एका वेल्डरकडून बाल्कनीच्या कठड्याला लोखंडी नळीचा तुकडा लावून घेतला होता, पाडव्याला गुढीची काठी त्यात बसावी म्हणून. पहिल्या वर्षी शेजारणीने आईला विचारलं होतं, साडी वाळत घातलीय ते ठीक, पण वर लोटा कशाला उपडा घातलाय? आई घरात येऊन पोट धरून हसली होती.

आता बघते तर जवळजवळ प्रत्येक बाल्कनीला तशी नळी, आणि प्रत्येक नळीत कपड्यांची काठी! आमच्यामागे सगळ्या वसाहतीने बाबांची युक्ती उचलली होती, गुढी तेवढी वगळून. मला हसू आलं, आणि मग रडूच आलं. पण परत फिरायचं नव्हतं. पहिल्या ब्लॉकपासून पुन्हा एकेक बाल्कनी बघत निघाले, आणि मधेच लक्षात आलं की कपड्यांची काठी आडवी लागते. गुढी उभी असते, जराशी पुढे झुकलेली. म्हणजे मला उभी नळी शोधायची होती.

ती निघाली तिसऱ्या ब्लॉकला, पहिल्या मजल्यावर. तिच्यात एक छत्री खोचलेली होती.

"यारु वेणुम?" कोण हवंय, म्हणून वरून एक बाई डोकावल्या. मॅक्सीवर टॉवेल टाकलेला. मी तमिळमध्ये म्हटलं, लहानपणी मी इथेच राहायचे. "इंद वीडा?" हेच घर? त्यांचा चेहरा उजळला. "मेले वांग, वर या!"

त्यांचं नाव सेल्वी. ही नळी कुठल्या वेड्याने लावली हे कोडं त्यांना इतकी वर्षं पडलेलं. कपडे राहत नाहीत, छत्री तेवढी राहते. मी गुढीचं सांगितलं, आईचं आणि कोऱ्या रिळाचंही. कॉफीचा पेला हातात देऊन त्या आत गेल्या आणि साडी बदलून आल्या. "फोटो म्हटल्यावर अशीच कशी उभी राहू?" मी आईकडेच बघतेय असं वाटलं.

त्यांचा फोटो मी खालून घेतला. मग त्या जिना उतरून आल्या आणि कॅमेरा मागितला. "आता तुम्ही वर जा. अम्मा उभ्या होत्या तिथे." मी घामाने निथळत होते, अंगात जुना कुर्ता. त्यांनी आपल्या केसांतला मोगऱ्याचा गजरा काढला, अर्धा तोडून माझ्या केसांत माळला आणि मला पिटाळलं.

बाल्कनीत मी नळीवर हात ठेवला. लोखंड तापलं होतं. समोर तीच पाण्याची टाकी. आवडीत आम्ही बॉम्बेवाले होतो, नाशिकला गेल्यावर मद्रासी झालो, आणि या दोन्हींतलं खरं कोणतं यावर मी बरीच वर्षं डोकं खाजवलं. त्या क्षणी तो प्रश्नच उरला नाही. जिथे आई साडी बदलून उभी राहिली ते माझं घर. ब्लॉक पाडायच्या आधी सेल्वीअक्का नळी कापून ठेवणार आहेत. ती मी मैलापूरच्या माझ्या कठड्याला लावणार, उभीच.

सेल्वीअक्कांनी फोटो घेतल्यावर खाली येऊन मी कॅमेऱ्याचा खटका ओढला, गुंडीकडे बघितलं आणि तिथूनच नाशिकला फोन लावला.

"बाबा, गुंडी फिरली. बाल्कनीत मी उभी होते, आईच्या जागी."

ते म्हणाले, "छान दिसत होतीस ना?"

"सगळ्यात छान," मी म्हटलं.