राखण्याची उंची

जानेवारीतली सकाळ, मळभ धरलेलं. मोहोराच्या दिवसांत असं आभाळ आलं की आप्पा आधी आभाळाकडे संशयाने बघत, मग मोहोराकडे, आणि मग धाकट्या भावाच्या बागेकडे. जणू मळभ हरिश्चंद्रानेच पाठवलंय. त्यांची मुलगी मृणाली नव्या कलमांना कळशीने पाणी घालत होती. सोळा कलमं, प्रत्येकाला दोन कळशा. ते उरकलं की तिला लेव्हल लावायची होती, जमिनीचा चढउतार मोजायचं दुर्बिणीचं यंत्र.

२००३ साल होतं. मृणाली रत्नागिरीला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. प्रोजेक्टला तिने घरचीच बाग घेतली होती: उताराची मापं काढायची आणि खालच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा कुठे बसेल ते दाखवायचं. मंगळवारी वही तपासायला द्यायची. रीडिंग जुळलं नाही तर सही नाही, आणि सही नाही तर परीक्षेला बसणं नाही.

पण बागेत काही टिकतच नव्हतं. लाल रंग लावून ठोकलेल्या खुंट्या दोनदा गायब झाल्या. तिला हरीकाकाच्या निलेशचा संशय आला. काकाला तिच्या यंत्राचा. मागच्या रविवारी त्याने तिच्या लेव्हलला डोळा लावला आणि झटकन मागे झाला. जुनी लेव्हल ती, समोरचं सगळं उलटं दाखवणारी. पट्टी धरून उभा असलेला तिचा वर्गमित्र यज्ञेश त्याला डोक्यावर उभा दिसला.

"माणूस उलटा दाखवतंय तुझं यंत्र," काका म्हणाला. "ते माझी जमीन सरळ काय दाखवणार गो?"

खुंट्यांवर भरवसा नाही म्हणून मृणालीने मापाची सुरुवात राखण्यापासून केली होती. दोन बागांच्या हद्दीवरचा शेंदूर फासलेला दगड, बागांची राखण करणारा. गेल्या पावसात तिथला गडगा, दगडांचं कुंपण, कोसळला, तो कोणी बांधायचा यावर भाऊ अडून बसले, आणि हद्द सांगायला तेवढा दगडच उरला. वर्षाला दोन्ही घरचा नारळ त्याला मिळे. त्याला कोण हात लावणार?

आज तिने पुन्हा माप घेतलं. गेल्या रविवारी घराच्या पायरीपेक्षा राखणा दोन मीटर चौतीस सेंटिमीटर उंच होता. आज दोन मीटर सत्तर. तिने यज्ञेशला पट्टी सरळ धरायला सांगितली, लेव्हल दुसऱ्या जागी मांडली, पुन्हा बघितलं. तेच. यज्ञेश म्हणाला, सोड ना, जुना आकडा मागून बसवून टाकू, कोण बघतंय. तिला त्याचाही संशय आला, की आधीच्या आठवड्यात यानेच आकडा मनाने सांगितला होता की काय.

मग ती चढून राखण्यापाशी गेली. दगडाच्या बुडाशी माती भुसभुशीत होती. चार हात खाली, आपल्या बागेच्या अंगाला, सुक्या पानांच्या ताज्या पातेऱ्याने झाकलेला खळगा होता. त्यात गेल्या वर्षीच्या नारळाची करवंटी. दगड चढावर सरकला होता, काकाच्या बागेत. मधल्या चार हातांत पायरी आंब्याचं एक कलम उभं होतं, मोहोराने भरलेलं.

पडवीत पहार टेकून ठेवलेली होती. तिच्या टोकाला शेंदूर.

आप्पा सुपारी कातरत बसले होते. जुळलं काय, त्यांनी विचारलं. दगड हललाय, ती म्हणाली. कोयनेचा धक्का बसला असेल, ते म्हणाले, परवा भांडी वाजली होती.

"कोयनेचे धक्के पहार घेऊन येत नायत, आप्पा."

अडकित्ता थांबला.

"हरी हलवणारच होता गो तो," ते म्हणाले. "मी वायच आधी हलवला."

मृणालीने वही त्यांच्यासमोर उघडली. आमच्या वहीत खोडायचं नसतं, तिने सांगितलं. नुसती एक रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे. दोन्ही आकडे सर बघणार, कारण विचारणार. काकाने तर वहीची नक्कल आत्ताच मागून ठेवलीय. उद्या सकाळी मी शेवटचं माप घेते, कॉलेजला जायच्या आधी. जे दिसेल ते लिहिणार.

सोमवारी माप आलं दोन मीटर चौतीस. जास्त नाही, कमी नाही. तिने सत्तरवर एक रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं: दगड सरकला होता, पूर्ववत. कोसळलेल्या गडग्यापलीकडे काका उभा होता. ओल्या मातीकडे बघून त्याने नक्कल दोनदा वाचली, उजेडाकडे धरली, घडी घालून खिशात ठेवली, आणि पावलांनी अंतर मोजू लागला. आप्पा दारातून त्याची पावलं मोजत होते.

मृणालीने लेव्हल पेटीत भरली आणि एसटीला अजून अर्धा तास आहे बघून कळशी उचलली. सातव्या कलमापाशी ती वाकली. कोवळ्या खोडाला काल नसलेला, सुंभाने बांधलेला आधार होता, लाल रंगाचा. आठव्यालाही. नवव्यालाही. तिच्याच खुंट्या.

तिने सुंभ जरा सैल केला, आणि पाणी घातलं.