बेलिफाला बंद असलेलं दार

नोकरीभर मी लोकांची दारं वाजवली. आधी ठाण्याच्या आणि मग बदली होऊन कल्याणच्या दिवाणी न्यायालयात मी बेलिफ होतो. समन्स बजावायचं, नोटिसा पोचवायच्या, जप्तीचा हुकूम असला तर पंच घेऊन घरात शिरायचं आणि लोकांच्या टीव्ही-फ्रीजची यादी करायची, हे माझं काम. लोक आतून ‘घरात कुणी नाही’ म्हणून ओरडायचे, कुत्री सोडायचे. खोपटच्या एका बाईंनी तर मला आलं घालून चहा पाजला, पण समन्स काही घेतलं नाही. अशा वेळी ते दारावर डकवायचं आणि मोकळं व्हायचं. कायद्यापुढे दार म्हणजे दार, मग ते चाळीचं असो नाहीतर बंगल्याचं, अशी माझी पक्की समजूत होती.

ती समजूत एकदाच हलली. कोलशेतच्या एका टॉवरमध्ये परदेशी वाणिज्य दूतावासातला एक अधिकारी भाड्याने राहायचा. त्याच्या गाडीने कुणाच्या तरी स्कूटरला धडक दिली होती आणि भरपाईच्या दाव्याची नोटीस माझ्या पिशवीत आली. खाली फिकट निळ्या नंबरप्लेटची गाडी उभी होती, म्हणजे साहेब घरीच होते. पण वॉचमन मला लिफ्टपर्यंतही जाऊ देईना. मी परत आलो तर ऑफिसातले आमचे वरिष्ठ खो खो हसले. “अरे, तिथे कुठे गेलेलास तू? ते दिल्लीमार्गे जातं, परराष्ट्र मंत्रालयातून!” नोटीस परत गेली, माझं कुतूहल मात्र माझ्याकडेच राहिलं. असा कोण हा माणूस, ज्याच्या दारावर आमचा साधा डिंक चालत नाही?

निवृत्त झाल्यावर मी ते वाचून काढलं. व्हिएन्नात झालेला एक करार आहे, त्यात वाणिज्य दूताला काय करता येतं आणि त्याला कोण काय करू शकत नाही, हे सगळं लिहिलेलं आहे. मला वाटलं होतं, हे लोक कायद्याच्या वर असतील. तसं अजिबात नाही. राजदूताला मोठं संरक्षण, वाणिज्य दूताला बेतानंच. पदाचं काम करताना जे केलं त्याबद्दल आपलं कोर्ट त्याला ओढू शकत नाही, पण गाडीने कुणाला उडवलं तर भरपाईचा दावा चालतो. म्हणजे माझी नोटीस अगदीच वेडेपणाची नव्हती, फक्त रस्ता चुकला होता. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. आता ते दूध उतू जातंय तेवढं बघा.”

पुढे हा विषय आमच्याच घरात पाळण्यात येऊन झोपणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

आमची एकुलती एक मुलगी आणि जावई परदेशात असतात. दोघांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज, त्यामुळे सातव्या महिन्यात मुलगी डोंबिवलीला आली. आधीचं एक राहिलं नव्हतं, म्हणून या वेळी हिने, म्हणजे मुलीच्या आईने, एक नियम घातला होता: फोटो नाही. पोटुशी बाई कॅमेऱ्यात दिसली की दृष्ट लागते. मुलगी तिकडे जाऊन उपास विसरली, वारही विसरली, पण हा नियम तिने तिथेही पाळला. फोनवर बोलताना फक्त चेहरा. डोहाळजेवणाला तर हिने दारातच आलेल्या बायकांचे मोबाईल गोळा करून पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवले आणि झाकण घट्ट लावलं.

नातू झाला. माझा जन्म कल्याणचा, मुलीचा डोंबिवलीचा आणि याचाही डोंबिवलीचाच, पण आईबाप दोघेही परदेशी नागरिक, म्हणून इथे जन्मला तरी तो भारतीय नव्हे. आणि तिकडचा म्हणावा, तर तसं तिकडच्या वाणिज्य दूताने मान्य करून पासपोर्ट द्यायला हवा. आमच्या हॉलमध्ये पाय नाचवत पडलेला एवढासा जीव, आणि अजून कुठल्याच सरकारच्या दप्तरात बसत नव्हता. मला याची गंमतही वाटायची आणि मधूनच काळजीही. मुलीची रजा संपत आली होती. पासपोर्ट वेळेत मिळाला नाही तर तिला बाळ इथे ठेवून जावं लागणार, नाहीतर नोकरीवर पाणी सोडावं लागणार. जावयाने तर अजून लेकाला फोनच्या काचेतूनच पाहिलेलं.

सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही, त्यामुळे तेवढं थांबून आम्ही मुंबईच्या वाणिज्य दूतावासात जायला गाडी केली. आधी परवानगी काढून ठेवली होती, मुलीबरोबर एका माणसाला आत जाता येणार होतं. ‘मीच जाणार’ असा हट्ट मी धरला. ही गाडीत बसून राहिली.

“बाबा, प्लीज, आत काही विचारत बसू नका हां,” मुलीने बजावलं.

फाटकावर आमचे मोबाईल काढून घेतले. हिच्या पिठाच्या डब्याची आठवण होऊन मला हसू आलं. आत गेलो तेव्हा इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाल्यासारखं वाटलं. लोक म्हणतात तशी ती जागा परदेशची जमीन वगैरे नसते, जमीन आपलीच असते. फक्त त्यांच्या कामाच्या भागात आपले पोलीस परवानगीशिवाय शिरू शकत नाहीत. काचेपलीकडे पन्नाशीच्या अधिकारी बाई बसल्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी मुलीला उजवा हात वर करायला सांगितला आणि शपथ दिली. कोर्टात मी हजारो शपथा ऐकल्यात, पण ही वेगळी होती. मुंबईत बसून एक बाई माझ्या मुलीला शपथ देते, आणि ती खोटी ठरली तर सजा तिकडच्या कायद्याने. मी अगदी कान देऊन ऐकत होतो.

आणि मग मला राहवलं नाही. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी विचारलंच, की मॅडम, इथे कोर्टाचं समन्स बजावायचं असेल तर कसं बजावतात?

मुलीने डोळे मिटले. बाईंनी चष्मा खाली घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, की दिल्लीमार्गे, मंत्रालयातून. वर हेही विचारलं, की तुम्ही बजावायला आला आहात का? नाही नाही, मी निवृत्त आहे, असं मी गडबडीने सांगितलं.

त्यानंतर त्यांनी कागद चाळले आणि दोन गोष्टी परत केल्या. बाळाच्या फोटोत गालावर काळा डाग आहे, असा फोटो चालणार नाही. आणि जन्म इथला, वडील इथे नव्हते, म्हणून बाळ मुलीचंच आहे याची त्यांची खात्री पटायला आईचे गरोदरपणातले फोटो हवेत. मुलीने सोनोग्राफीचे रिपोर्ट पुढे केले. त्या म्हणाल्या, हे ठीक आहे, पण यात बाळ दिसतं, आई दिसत नाही.

गाडीत बसल्यावर मुलगी रडायलाच लागली. “बाबा, तुम्हाला सांगितलेलं ना! त्यांना संशय आला असणार. समन्स काय, कोर्ट काय!”

माझ्यामुळेच झालं असेल, असं मलाही वाटायला लागलं. ही मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडून बसली होती. “डाग म्हणे! तीट आहे ती. पुसून काढली आणि पोराला दृष्ट लागली तर जबाबदार कोण, ती बाई?” मी हळूच म्हणालो, की तेही तिने पदाच्या कामात केलंय, आपल्याला दावा लावता येणार नाही. माझ्याकडे दोघींनी असं काही पाहिलं की डोंबिवली येईपर्यंत मी बाहेरची झाडं बघत बसलो.

बाळाचा फोटो सोपा होता. हिने गालावरची तीट पुसली आणि तळपायाला लावली. तिथे कुणाचा कॅमेरा जात नाही. पण आईचा फोटो कुठून आणणार? मुलीने मैत्रिणींना विचारलं, मावश्यांना विचारलं, जावयाने तिकडचा फोन उलटापालटा केला. सगळीकडे गळ्यापर्यंतचे फोटो. डोहाळजेवणाला आलेल्या प्रत्येक बाईने एकच उत्तर दिलं, “अगं, मोबाईल तर डब्यात होते!” मुलगी आईवर पहिल्यांदाच ओरडली. “तुझी ती दृष्ट! आता बाळाला सोडून जाऊ का मी?”

ही ओट्यापाशी गेली, हात पुसले आणि स्वतःचा मोबाईल आणून मुलीच्या मांडीवर ठेवला.

त्यात फोटो होते. पुष्कळ होते. सगळे दुपारचे, आमच्या दिवाणावर झोपलेल्या मुलीचे. एका कुशीवर, पोटावर हात, मागे खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. काही तिरके, काही हिच्या बोटाने अर्धे झाकलेले. फोटो पुढे सरकवत गेलं की पोट मोठं होत जात होतं. ज्या बाईने आल्यागेल्याचे मोबाईल पिठाच्या डब्यात कोंबले, तिने मुलगी झोपली की स्वतःच तिचे फोटो काढले होते. मी इतकी वर्षं लोकांची घरं धुंडाळली, पण माझ्याच घरातला हा मुद्देमाल मला सापडला नव्हता. मुलीने आईकडे पाहिलं आणि ती पुन्हा पहिल्या फोटोपासून बघायला लागली.

फडके रोडवरच्या स्टुडिओत प्रिंट काढल्या. या खेपेला ही म्हणाली, “मी जाणार आत.” त्यामुळे ज्या दाराची मी इतकी वर्षं चौकशी केली त्याच्यासमोरच्या फुटपाथवर सगळ्यांचे मोबाईल आणि दुपट्यांची पिशवी सांभाळत मी उभा राहिलो. पुन्हा बाहेरच!

आत काय झालं ते मुलीने बाहेर आल्यावर सांगितलं. अधिकारी बाईंनी प्रिंट एकेक करून पाहिल्या आणि विचारलं, कुणी काढले हे? ही म्हणाली, मी. बाईंनी विचारलं, सगळ्यात झोपलेलीच का? मुलगी भाषांतर करत होती. हिने सांगितलं, की जागेपणी काढले असते तर माझाच नियम मोडला असता. मग फोटो काढलेच कशाला, असं बाईंनी विचारलं. ही म्हणाली, “ती परत जाणार होती ना.” एवढं भाषांतर करायला मुलीला जमलं नाही, पण बाईंनी ते न सांगताच समजून घेतलं असावं. त्यांनी दोन प्रिंट ठेवून घेतल्या, बाकीच्या परत दिल्या आणि बाळाचे कागद मंजूर केले.

मला जो दिलासा वाटला तो मी लपवला नाही, तिथेच फुटपाथवर डोळे पुसले. गाडीत बसल्यावर हिला मात्र वेगळीच काळजी. “अहो, ते दोन फोटो तिथे राहिले. कुणाकुणाच्या नजरेला पडतील ते?”

इतक्या वाचनाचा अखेर उपयोग झाला. मी सांगितलं, की दूतावासाच्या दप्तराला कुणी हात लावू शकत नाही. पोलीस नाहीत, कोर्ट नाही, कलेक्टर नाही. ते दप्तर कुठेही असो, कधीही असो.

“आणि बेलिफ?”

“बेलिफ तर नाहीच नाही.”

ती समाधानाने मागे टेकून बसली. तिला हवा होता तसा डबा अखेर सापडला होता.

पासपोर्ट आला. मग आमच्या घरात एक परदेशी नागरिक राहतोय, त्याला देशाबाहेर जायची परवानगी द्यावी, म्हणून आपल्याच सरकारकडे खेटे घातले. तीही मिळाली आणि मुलगी बाळाला घेऊन गेली. आता दिवाण रिकामा असतो. खिडकीत टॉवेल वाळत असतात.

परवा एका लग्नासाठी मुंबईला गेलेलो, तेव्हा गाडी त्या रस्त्याने आली. ही काचेतून बघत होती. म्हणाली, “ते फोटो असतील ना हो अजून तिथे?”

“असणारच. सांगितलं ना, कुणी हात लावू शकत नाही.”

“मला बघायचे म्हटले तर?”

“तुलाही नाही.”

फाटक मागे पडेपर्यंत ती वळून बघत राहिली. मग म्हणाली, “राहू देत तसेच. झोपलीये ना ती. कुणी उठवायला नको.”